‘लेन्स गेली’ म्हणण्याआधी सीडी प्लेअरची वीज तपासा

ठाण्यात, कोपरीत माझ्या टेबलावर दुरुस्तीला येणारे बहुतेक सीडी प्लेअर निदान सोबत घेऊनच येतात: लेन्स गेली, बदला. उघडून पाहिलं की बऱ्याचदा लेझर ठणठणीत असतो. दोष असतो त्याच्या आधीच्या वाटेवर, म्हणजे सॉकेट, ट्रान्सफॉर्मर, रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग), फुगलेला कपॅसिटर (विजेतले चढउतार भरून काढणारा भाग) किंवा पिकअपकडे, म्हणजे लेझर आणि लेन्स बसवलेल्या सरकत्या भागाकडे, जाणारी चपटी रिबन. यातले काही दोष फक्त गाणं अडकवतात. एक-दोन मात्र चांगल्या लेझरचा जीव घेतात. ते कसे ओळखायचे, ते सांगते.

आधी लेझरला वीज मिळते कशी ते पाहू. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे जवळजवळ न दिसणारा अवरक्त प्रकाश देतो. बहुतेक घरगुती प्लेअरमध्ये तो ५ व्होल्टच्या लाइनवर चालतो आणि साधारण ४० ते ६० मिलिअँपिअर करंट घेतो. लेझर डायोडच्याच डबीत एक छोटा फोटोडायोड बसवलेला असतो. प्रकाश किती पडतोय हे तो सतत मोजतो आणि त्यावरून एपीसी, म्हणजे प्रकाश एकसारखा ठेवणारं सर्किट, करंट कमीजास्त करतं. म्हणजे तुमच्या भिंतीतले २३० व्होल्ट आणि लेझर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर, रेग्युलेटर आणि एपीसी अशी तीन दारं आहेत. ती धड असतील तर घरातला विजेचा दाब (व्होल्टेज) थोडा खालीवर झाल्याने लेझर झिजत नाही. महागडी पॉवर केबल लावली की लेझर जास्त टिकतो असं कोणी सांगितलं तर ते पैसे वाचवा. ते कपॅसिटर बदलायला उपयोगी पडतील.

सुरुवात सॉकेटपासून करा. प्लग हलवल्यावर प्लेअरचा डिस्प्ले लुकलुकतो का? सैल पिन ही मला सर्वांत वाईट गोष्ट वाटते, कारण वीज सेकंदात अनेकदा तुटते आणि जुळते. दर वेळी आतल्या लाइन उठतात, पडतात, आणि लेझरचं सर्किट अर्धवट दाबावर चालू-बंद होतं. लेझर डायोडला मर्यादेपलीकडचा करंट अगदी क्षणभर मिळाला तरी त्याचा प्रकाश बाहेर पडणारा पृष्ठभाग कायमचा जळू शकतो. ज्या एक्स्टेंशन बोर्डवर फ्रिज किंवा मिक्सर आहे, त्यावर प्लेअर लावू नका. थेट भिंतीतलं, पिन घट्ट धरणारं सॉकेट द्या.

मल्टिमीटर असेल आणि चालू लाइनवर मोजायची सवय असेल, तर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असं तिन्ही मोजा. पहिली दोन मापं जवळपास सारखी यायला हवीत आणि तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत. जुन्या इमारतींत अर्थची वायर नुसती सॉकेटपर्यंत आलेली असते, पुढे कुठे जोडलेलीच नसते. फ्रिज सुरू होताना घरातले काही दिवे मंद आणि काही जास्त प्रखर होत असतील, तर न्यूट्रल सैल असण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा मेन स्विच बंद करून लगेच इलेक्ट्रिशियनला बोलवा. तीन फेजच्या इमारतीत न्यूट्रल तुटला तर तुमच्या घरात २३० च्या जागी साडेतीनशेच्या वर व्होल्ट येऊ शकतात. त्यात प्लेअरच काय, टीव्हीही वाचणार नाही.

लाइट गेली की प्लेअरचं सॉकेट बंद करा आणि आल्यावर पाच मिनिटं थांबा. पावसाळ्यात लाइट येते, पुन्हा जाते, पुन्हा येते. त्या सगळ्या धक्क्यांना प्लेअर सामोरा गेला नाही तर बरं.

परदेशातून आणलेला प्लेअर असेल तर मागची पट्टी वाचा. जपानी घरगुती मॉडेल १०० व्होल्टचं असतं. त्याला ११० व्होल्टचा स्टेपडाउन (दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावला तर ते चालतं, पण दाब दहा टक्के जास्त मिळतो आणि ती सगळी जादा वीज रेग्युलेटरमध्ये उष्णता होऊन साठते. बंद डबीतल्या उष्णतेचा लेझर डायोडला खरा त्रास आहे: तापमान वाढलं की तेवढाच प्रकाश द्यायला त्याला जास्त करंट लागतो आणि त्याचं वय भराभर सरतं. १०० चाच स्टेपडाउन घ्या. ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर प्लेअर ठेवू नका, आणि मागे चार बोटं जागा सोडा.

आता आतलं. प्लग काढा, थोडा वेळ थांबा, मग झाकण उघडा. ट्रान्सफॉर्मरच्या मेन बाजूला, फ्यूज आणि स्विचजवळ, सेट चालू असताना हात न्यायचा नाही. इलेक्ट्रॉनिक्सची सवय नसेल तर इथून पुढचं माहितगाराकडून करून घ्या.

नौपाड्यातल्या एका काकांचा प्लेअर फक्त संध्याकाळी अडकायचा. अभिषेकीबुवांची सीडी सकाळी निर्विघ्न चालायची, रात्री आठनंतर तीच सीडी जागोजागी उडायची. त्यांना लेन्स बदलायला सांगितलेलं होतं. मे महिना होता, इमारतीतले सगळे एसी चालू, आणि त्यांच्या सॉकेटवर रात्री १९५ व्होल्ट मिळत होते. आता हिशोब बघा. ५ व्होल्ट देणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरला आत निदान ७ व्होल्ट लागतात. २३० वर त्या प्लेअरमध्ये रेग्युलेटरआधी ९ व्होल्ट असायचे, १९५ वर ते साडेसातच्या आसपास आले. मुख्य कपॅसिटर वाळलेला, त्यामुळे दाब सेकंदाला शंभरदा सातच्या खाली डुबकी मारत होता आणि ती डुबकी थेट ५ व्होल्टच्या लाइनवर उतरत होती. फोकस सुटायचा, प्लेअर पुन्हा शोधायचा, पुन्हा सुटायचा. लेझर बिचारा निर्दोष होता. मी २२०० मायक्रोफॅरडचा नवा कपॅसिटर घातला, १६ च्या जागी २५ व्होल्टचा आणि १०५ अंश तापमानाचा. काका त्याच लेझरवर आजही ऐकतात.

तुमच्याकडे हे असं मोजा. सीडी वाजत असताना ७८०५ च्या आउटपुटवर डीसी बघा, ४.८ ते ५.२ च्या मध्ये हवं. मग दाबातले चढउतार बघायला मीटर एसी व्होल्टच्या रेंजवर लावा, पण लाल प्रोबला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मालिकेत जोडून. स्वस्त मीटर एसीच्या रेंजवर डीसीलाही मोजून खोटा आकडा दाखवतात. काही मिलिव्होल्ट आले तर ठीक. वीस-तीसच्या वर गेले तर मी कपॅसिटर आणि रेग्युलेटर दोन्ही बदलते. बोर्ड उलटा करून रेग्युलेटर आणि कनेक्टरच्या पायांभोवतीच्या झाळेला गोल तडा दिसतो का तेही भिंगातून पाहा. आमच्याकडे खाडीची दमट हवा कनेक्टरच्या पिना हिरव्या करते. त्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा.

लेझरला खरोखर मारणारा वायरिंगचा दोष मात्र पिकअपच्या रिबनमध्ये असतो. पिकअप आतून बाहेर सरकताना रिबन दर वेळी वाकते आणि एक दिवस तिच्यातली एखादी रेघ तुटते. तुटलेली रेघ फोटोडायोडची असेल, तर एपीसीला वाटतं प्रकाश पडतच नाही, आणि ते डायोडमध्ये करंट ओतत राहतं. दिवा विझलाय असं समजून वात वाढवत न्यावी आणि काच तडकावी, तसं होतं ते. म्हणून घडीच्या जागी पांढरी रेघ किंवा चुरगळलेपणा दिसला की रिबन लगेच बदला, ती पिकअपपेक्षा खूप स्वस्त आहे. आणि सेट चालू असताना रिबन कधीही उपसू नका, कोणती पिन आधी सुटेल ते आपल्या हातात नसतं.

लेझरची तब्येत मोजता येते. सोनीच्या केएसएस मालिकेतल्या पिकअपवर चिकटवलेल्या लेबलात शेवटचे तीन अंक करंट सांगतात: ४५६ म्हणजे ४५.६ मिलिअँपिअर. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लेझर चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरचा रेझिस्टर शोधा आणि वाजत असताना त्याच्या दोन टोकांमधला दाब मोजा. रेझिस्टर १० ओहमचा आणि दाब ०.४८ व्होल्ट असेल तर करंट ४८ मिलिअँपिअर. लेबलापेक्षा दहा टक्क्यांच्या आत असेल तर माझ्या लेखी लेझर चांगला. बराच वर गेला असेल तर तो थकलाय. मोबाइलच्या कॅमेऱ्यात जांभळा ठिपका दिसतो, पण त्यावर विसंबू नका: जळलेला डायोडही अंधूक चमकतो. आणि डोळा लेन्सपासून ३० सेंटिमीटरच्या आत नेऊ नका.

लेन्सवरची धूळ करंट वाढवत नाही, कारण फोटोडायोड लेन्सच्या अलीकडे बसलेला आहे. इअरबडवर आयसोप्रोपाइलचा एक थेंब आणि अलगद फिरवलेला हात, एवढ्याने निम्मी कामं होतात. ते न करता काहीजण पिकअपवरचा, लेझरचा करंट वाढवणारा बारीक स्क्रू फिरवतात; प्लेअर दोन महिने वाजतो आणि मग कायमचा गप्प होतो. या सवयीचा मला मनापासून राग येतो, कारण त्यात धडधाकट पिकअप मरतात आणि जुन्या मॉडेलचे अस्सल पिकअप आता मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवरही सहज मिळत नाहीत.

इतकं तपासूनही लेझर संपलेलाच निघाला तर नवा बसवताना घाई नको. स्थिर विजेपासून बचावासाठी बऱ्याच नव्या पिकअपवर डायोडची टोकं झाळेच्या थेंबाने जोडलेली असतात. आधी रिबन लावा, मग तो थेंब काढा, तोही तीन पिनच्या, अर्थ लागलेल्या सोल्डरिंग आयर्नने. दोन पिनच्या आयर्नच्या टोकावरची विजेची गळती डायोड मारायला पुरते. इथे सॉकेटची अर्थ खरी असणं कामाला येतं. सीडी वाजली की त्याच दिवशी करंट मोजा आणि आकडा तारखेसह झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पुन्हा कधी सीडी अडकली तर पहिलं माप त्या आकड्याशी ताडून बघता येतं.