बेट्टा माशाची झिजलेली शेपटी भरून आली
फोंड्याच्या घरातल्या २० लिटरच्या टाकीतला आमचा निळा बेट्टा पावसाळ्यात एकदम मरगळला. शेपटीच्या कडा झिरझिरीत झाल्या, खाणं सुटलं. निरखून पाहिलं तर फिल्टरचा झोत त्याला सारखा ढकलत होता. बेट्टा वर येऊन हवाही घेतो, आणि त्यासाठीच बिचाऱ्याला झगडावं लागत होतं! मग हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावला, हवा मंद ठेवली, हीटर २६ अंशांवर. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलतो, नळाच्या पाण्यात क्लोरीन काढणारे थेंब घालूनच. अंगणातल्या देशी बदामाचं (टर्मिनालिया कटाप्पा) वाळकं पान धुऊन सोडलं. पाणी चहासारखं तांबूस होतं, पण त्याला ते मानवतं. औषध लागलंच नाही. आता शेपटीला पारदर्शक नवी किनार फुटलीय.