एम.आर्क. कुठे अडतं? नागपुरात थिसिस करणाऱ्यांनी या चुका टाळा

एम.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरची पदव्युत्तर पदवी: दोन वर्षं, चार सेमिस्टर. तरी सबमिशन लांबलेली, नो-ड्यूजसाठी (काही देणं बाकी नाही या दाखल्यासाठी) कॉलेजच्या चकरा मारणारी मुलं दरवर्षी दिसतात, आणि गंमत म्हणजे त्यांत डिझाइन स्टुडिओत चमकणारीही असतात. बी.आर्क.मध्ये शेवटच्या आठवड्यात रात्री जागून शीट काढता येतात, तेव्हा इथेही तसंच निघेल असं त्यांना वाटतं. पण पावसाळा, सरकारी खातं, वाड्याचे मालक आणि लायब्ररीतलं साम्य तपासणारं सॉफ्टवेअर यांतलं कुणीच आपल्या सबमिशनच्या तारखेसाठी थांबत नाही.

नियम सिनियरला विचारणं

सिनियरचा सल्ला विषयासाठी घ्या, नियमांसाठी नको. व्हीएनआयटी (विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) स्वतःच्या नियमांनी चालते. शहरातली संलग्न आर्किटेक्चर कॉलेजं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या. त्यातही तुमच्या प्रवेशाच्या वर्षीची स्कीम (अभ्यासक्रम आणि परीक्षेचे नियम) तुम्हाला लागू असते. दोन बॅच आधीची पीडीएफ कामाची नाही. पहिल्याच महिन्यात ती स्कीम काढून एका कागदावर उतरवा: एकूण क्रेडिट किती, इलेक्टिव्ह किती, ट्रेनिंग सक्तीचं आहे का, थिसिसला बसण्याआधी कोणते विषय सुटलेले हवेत आणि थिसिसच्या अंतर्गत व बाह्य गुणांत वेगवेगळं पास व्हावं लागतं का. हा शेवटचा प्रश्न मुलं विचारतच नाहीत. एकूण टक्के छान असूनही एका बाजूला कमी पडले, तर निकाल अडू शकतो.

बॅकलॉग असेल तर तो तिसऱ्या सेमिस्टरच्या आत काढा. चौथ्यात थिसिस आणि राहिलेला पेपर एकत्र आले की दोन्ही अर्धवट होतात.

विषय आणि हंगाम जुळत नाहीत

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नागपूर कंपोझिट, म्हणजे मिश्र हवामानाच्या पट्ट्यात येतं. इथे मे महिना, ऑगस्ट आणि डिसेंबर ही तीन वेगळी शहरं असतात. भर उन्हाळ्यातल्या रस्त्यावरच्या सावलीवर थिसिस करायचा असेल तर मोजमापं मे महिन्यात हवीत, आणि चौथ्या सेमिस्टरचा मे तर सबमिशनचा. म्हणजे ती मोजमापं पहिलं वर्ष संपतानाच्या उन्हाळ्यात घेऊन ठेवावी लागतात, विषयावर अजून शिक्का बसलेला नसला तरी.

पुराचंही तेच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या पावसाने अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. अभ्यासासाठी विषय जिवंत आहे. पण जानेवारीत साईटवर उभं राहिलात तर समोर कोरडा नाला आणि लोकांच्या आठवणी एवढंच मिळेल. पाणी कुठून आलं, कुठे तुंबलं, कुठल्या पुलाखाली कचरा अडकला हे बघायला तिसऱ्या सेमिस्टरचा पावसाळा हाताशी असतो. तो हुकला तर विषय बदललेला बरा.

रहदारीचा सर्व्हे करणाऱ्यांनी कॅलेंडर उघडून बसावं. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की विधानभवन, सिव्हिल लाइन्स, सीताबर्डी भागात बंदोबस्त आणि मोर्चे असतात. त्या आठवड्यांतली गाड्यांची मोजणी नेहमीची म्हणून मांडली की ज्युरीतला (थिसिस तपासणाऱ्या परीक्षकांतला) नागपूरकर पहिला प्रश्न तिथेच विचारतो. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इतवारी-महालात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी परिसरात हीच गोष्ट. गर्दी हाच विषय असेल तर मात्र नेमके तेच दिवस गाठा, आणि त्यासाठी माणसं आधी ठरवून ठेवा. एकटा विद्यार्थी चार रस्त्यांवर उभा राहू शकत नाही.

चार भिंती मोजून घरी येणं

महालातला जुना वाडा घेणाऱ्यांची ही ठरलेली तक्रार: "सर, प्लॅन क्लोज होत नाहीये." साईटवर खोलीच्या चारही बाजू व्यवस्थित मोजलेल्या असतात. घरी ऑटोकॅडमध्ये काढायला बसलं की चौथी भिंत पहिलीला भेटत नाही, हातभराची फट राहते. मग मुलगा एक भिंत थोडी ओढतो आणि शीट पुढे जाते. तिथून पुढचं सगळं ड्रॉइंग खोटं.

जुन्या वाड्यात काटकोन गृहीत धरायचाच नाही. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. चार बाजू आणि एक कर्ण एवढ्यावर आकार पक्का होतो, दुसरा कर्ण पडताळ्यासाठी. दारं-खिडक्या तुकड्या-तुकड्याने मोजू नका, टेपचं टोक एका कोपऱ्यात पक्कं धरून सलग आकडे वाचत जा, म्हणजे प्रत्येक मापातली बारीक चूक पुढच्यात मिसळत नाही. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजा. चौकाच्या आणि ओसरीच्या लेव्हलमधला फरक हटकून राहतो, तो घ्या. फोटोला नंबर द्या आणि तोच नंबर कच्च्या नकाशावर लिहा. नाहीतर रात्री दोनशे फोटोंत सगळे खांब एकसारखे दिसतात.

आणि परवानगी. वाड्याला मालक एक नसतो. धाकट्या भावाने "या ना, मोजा" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी थोरल्याने कोर्टातल्या वाटणीच्या भीतीने दार लावलं, असं होतंच. कॉलेजच्या लेटरहेडवर, गाईडच्या सहीचं पत्र घेऊन जा, मोजमाप फक्त अभ्यासासाठी आहे असं त्यात स्पष्ट लिहा आणि सगळ्या भावांना दाखवा. एखाद्या काकूंशी नीट बोललात तर वाड्याचा अर्धा इतिहास चहासोबत मिळतो, हा वरचा फायदा.

खात्याकडून माहिती 'पुढच्या आठवड्यात' मिळेल ही आशा

महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास आणि महानगर प्रदेश विकास प्राधिकरण या तिघांच्या हद्दी आणि कामं वेगळी. तुमची साईट कुणाकडे आहे हे ठरवल्याशिवाय खेटे घालू नका. तोंडी विचारून नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांचा, म्हणून "नदीबद्दलची सर्व माहिती" असं लिहिलेला अर्ज वाया जातो. ३० दिवस म्हणजे सेमिस्टरचा मोठा लचका. हे अर्ज तिसऱ्या सेमिस्टरमध्येच गेलेले हवेत. बांधकाम नियमांसाठी मात्र कुठे जायची गरज नाही, २०२० ची एकीकृत नियमावली नागपूरला लागू आहे. जुन्या थिसिसमधले एफएसआयचे (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्याचे) आकडे उचलू नका.

साम्य अहवाल शेवटच्या दिवशी

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या विनियमांत पदव्युत्तर प्रबंधही येतो. इतरांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारून पुन्हा द्यायचा. ४० ते ६० मध्ये गेलात तर एक वर्ष सुधारित प्रत देता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द.

आर्किटेक्चरच्या मुलांचा आकडा बहुतेक वेळा चोरीमुळे फुगत नाही. नियमावलीतली कलमं, मानकांतले तक्ते, संदर्भ देऊन घेतलेले उतारे जसेच्या तसे पडलेले असतात. कायद्याचा मजकूर आणि संदर्भासह उतारे यांना विनियमांत सूट आहे, पण सॉफ्टवेअरला ते आपोआप कळत नाही. अहवाल काढताना वगळावं लागतं. यावर उपाय सोपा आहे: कलमं परिशिष्टात टाका, मुख्य मजकुरात त्याचा तुमच्या साईटवर काय परिणाम होतो ते स्वतःच्या शब्दांत लिहा. पहिला अहवाल सबमिशनच्या महिनाभर आधी काढा.

ज्युरीत मान डोलावणं

रिव्ह्यूत सांगितलेले बदल त्याच संध्याकाळी लिहून गाईडला पाठवा. पुढच्या ज्युरीत पहिल्या शीटवर त्या नोंदी आणि प्रत्येकीचं तुम्ही काय केलंत हे दाखवा. एखादी सूचना पटली नसेल तर कारण द्या. गप्प राहून ती टाळली की शेवटच्या व्हायव्हात तीच समोर येते.

कागदपत्रं

बी.आर्क. दुसऱ्या विद्यापीठातून, अमरावती, पुणे किंवा मुंबईहून, झालं असेल तर मायग्रेशन आणि पात्रता प्रमाणपत्राचं काम पहिल्या सेमिस्टरमध्येच संपवा. ते राहिलं तर निकाल रोखला जाऊ शकतो. एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी आणि मार्कशीटवरचं नाव एकच आहे का बघा. हजेरीचा आकडा, बहुतेक ठिकाणी ७५ टक्के, दर महिन्याला विचारा. बाइंडिंगला देण्याआधी मुखपृष्ठावरचं शीर्षक मंजूर शीर्षकाशी अक्षरशः जुळवा, कारण एक शब्द बदलला तरी प्रत परत येऊ शकते.

कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी बी.आर्क.वर मिळालेली असते, एम.आर्क.ची त्यात अतिरिक्त पात्रता म्हणून वेगळी नोंद करून घ्यावी लागते. शिकण्याच्या नादात नूतनीकरण थकलं असेल तर ते आधी भरा, मग हा अर्ज करा.