ओमेगाटीचा प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर नेताना

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, पण दापोली-मंडणगडलाही त्यानं सोडलं नाही. आमच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, अर्ध्या घराची कौलं गेली, आणि वीज लवकर येणार नाही हे विजेच्या खांबांकडे बघूनच कळत होतं. माझ्या हातात इंग्रजीतून मराठीत करायचं एक जाडजूड माहितीपत्रक होतं, आणि ते मी ओमेगाटी या अनुवादाच्या प्रोग्राममध्ये करत होते. मावसभाऊ चिपळूणला न्यायला आला. यूपीएसमध्ये उरलेल्या चार्जवर मी डेस्कटॉप सुरू केला आणि पाच मिनिटांत पेनड्राइव्ह भरला.

"सगळं घेतलंस ना गं?"

"हो रे दादा."

घेतलं होतं ते सोर्स आणि टार्गेट हे दोन फोल्डर. मूळ फाइली एकात, मराठी दुसऱ्यात, मग आणखी काय हवं? शेजारी ‘ओमेगाटी’ नावाचा फोल्डर होता. तो प्रोग्रामचा स्वतःचा काहीतरी पसारा असेल, असं समजून मी तो मागेच ठेवला.

चिपळूणला भावाच्या लॅपटॉपवर ओमेगाटी टाकलं, नवा प्रोजेक्ट करून सोर्सच्या फाइली त्यात घातल्या. सगळी वाक्यं कोरी! टार्गेट उघडलं, तर पहिली काही पानं मराठीत आणि पुढे इंग्रजीच इंग्रजी.

नव्यानं येणाऱ्यांनी इथे थांबून हे नीट समजून घ्यावं. ओमेगाटीत तुम्ही टाइप केलेला अनुवाद टार्गेटमध्ये जात नाही. तो जातो ‘ओमेगाटी’ फोल्डरमधल्या प्रोजेक्ट सेव्ह नावाच्या टीएमएक्स फाइलमध्ये, म्हणजे मूळ वाक्य आणि त्याचा अनुवाद जोडीनं साठवणाऱ्या फाइलमध्ये. टार्गेटमधल्या फाइली तुम्ही कंट्रोल-डी दाबाल तेव्हाच लिहिल्या जातात, आणि तोवर न केलेली वाक्यं त्यांत मूळ भाषेतच राहतात. मी कंट्रोल-डी शेवटचं दाबलं होतं वादळाच्या चार दिवस आधी, नमुना पाठवायला. त्यानंतरचं सगळं काम दापोलीच्या बंद पडलेल्या सीपीयूत.

दुसरी चूक घाबरून केली. वेळ जायला नको म्हणून कोऱ्या प्रोजेक्टवरच, आधी हात न लावलेल्या शेवटच्या पानांपासून, अनुवाद सुरू केला. दोन दिवसांनी दादा घराकडे ताडपत्री पोचवायला गेला, तो सीपीयूच पोत्यात घालून घेऊन आला. आता प्रोजेक्ट सेव्ह फाइली दोन झाल्या, जुनी भरलेली आणि नवी जेमतेम चाळीस वाक्यांची. एक दुसरीवर कॉपी केली असती तर एकीतलं काम गेलंच असतं. भरलेल्या प्रोजेक्टचा अख्खा फोल्डर लॅपटॉपवर घेतला. मग नव्या फाइलचं नाव बदलून ती प्रोजेक्टमधल्या टीएम (ट्रान्सलेशन मेमरी, म्हणजे आधी केलेल्या अनुवादांचा साठा) फोल्डरमध्ये ‘ऑटो’ नावाचा उपफोल्डर करून त्यात ठेवली. तिथल्या टीएममधली शंभर टक्के जुळणारी वाक्यं ओमेगाटी रिकाम्या जागी आपणहून भरतं. चाळीसच्या चाळीस जागेवर बसली.

तेव्हापासून मी आतलं काहीही निवडत बसत नाही. प्रोग्राम बंद करायचा, प्रोजेक्टचा सगळ्यात वरचा फोल्डर जसाच्या तसा उचलायचा. टीएम किंवा ग्लॉसरी (ठरलेल्या शब्दांची यादी) बाहेरच्या कुठल्या ड्राइव्हवर ठेवली असेल तर ती आधी आत आणायची, कारण प्रोजेक्ट तिचा फक्त पत्ता लक्षात ठेवतो आणि दुसऱ्या मशीनवर तो पत्ता नसतो. निघण्याआधी खाली उजव्या कोपऱ्यातले आकडे, म्हणजे किती वाक्यं झाली आणि एकूण किती, कागदावर लिहून घ्यायचे आणि तिकडे उघडल्यावर ताडून बघायचे. दोन्हीकडे तेच आकडे दिसेपर्यंत मी जुन्या मशीनवरचं काही पुसत नाही.

ट्रॅडोस या अनुवादाच्या दुसऱ्या प्रोग्रामसाठी काम देणाऱ्या एजन्सीकडून पॅकेज येतं, म्हणजे सगळ्या फाइली एकत्र बांधलेली एकच फाइल. ते झिप फोडून आतल्या फाइलींची नावं बदलायच्या फंदात पडू नका. प्रोग्राममधूनच उघडा आणि रिटर्न पॅकेज करूनच परत पाठवा.

ग्लॉसरीबद्दल मात्र जरा जास्त सांगते, कारण तिथे मराठीवाल्यांचंच नुकसान होतं. ती टॅबनं विभागलेली साधी टेक्स्ट फाइल असते, म्हणून पुष्कळ जण एक्सेलमध्ये उघडतात आणि साध्या टेक्स्ट प्रकारात सेव्ह करतात. मग मराठी शब्दांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते, आणि ती परत मराठी होत नाही. त्यापेक्षा ती नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये उघडा आणि सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ निवडा. दुसरं म्हणजे ‘दुसऱ्या’मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना एकच दिसतो, कॉम्प्युटरला दोन. एका कीबोर्डनं भरलेल्या टीएममध्ये दुसऱ्या कीबोर्डनं टाइप करून शब्द शोधलात, तर तो असूनही सापडत नाही. मूळ मजकूर मराठी असेल तर जुळणीचे टक्केही घसरतात. मशीन बदललं की कीबोर्डही बहुधा बदलतो, तेव्हा आपला नेहमीचा कीबोर्ड आधी टाकून घ्या.

माहितीपत्रक तीन दिवस उशिरा गेलं. एजन्सीच्या बाईंनी वादळाच्या बातम्या पाहिल्या होत्या, म्हणून काही बोलल्या नाहीत. ‘ओमेगाटी’ फोल्डरचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.