इंदुरी पोहे खा, जिलबी रविवारी

इंदुरात राहून पोहे सोडा, असं कुणाला सांगवत नाही, आणि गरजही नाही. खटकते ती जोडीची जिलबी आणि वर मुठीनं पडणारी शेव. पाकातली साखर रक्तात झटकन चढते, तशीच उतरते, आणि अकरा वाजता पुन्हा खावंसं वाटतं.

सकाळी आधी प्रथिनं ठरवा. पोहे म्हणजे शेवटी तांदूळच. एकटे फार वेळ पोट धरत नाहीत. माणशी वाटीभर पोहे घेत असाल तर निम्मे करा आणि तेवढेच मोड आलेले, वाफवलेले मूग घाला. सोबत मूठभर शेंगदाणे, कांदा, मटार.

पोहे जाडच घ्या, चाळणीत धुऊन निथळू द्या. चमचाभर तेलात मोहरी, बडीशेप, हिरवी मिरची, हळद. त्यात शेंगदाणे आणि भाज्या परतून पोहे व मूग मिसळा. मग आपल्या राजवाड्याकडच्या गाड्यांवर करतात तसं, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवून झाका. या वाफेमुळे कमी तेलातही पोहे मऊ राहतात, दाणा चिकटत नाही. वरून भुरभुरायच्या जीरावन मसाल्यात मीठ असतंच, तेव्हा पोह्यांत हात आखडता ठेवा. शेव चिमूटभर, तीही खायच्या वेळी. लिंबू मात्र सढळ पिळा: त्यातलं क जीवनसत्त्व धान्य-कडधान्यांतलं लोह अंगी लागायला मदत करतं. चहा त्याच लोहाला अडवतो, म्हणून तासाभरानं घ्या.

रोज पोहे नकोत. रात्री मूठभर, म्हणजे साधारण ४० ग्रॅम, मूगडाळ भिजत घाला. सकाळी आलं-मिरची घालून वाटली की एकाची दोन धिरडी होतात आणि जवळपास १० ग्रॅम प्रथिनं मिळतात. घरी भाजणी असेल तर थालीपीठ आणि दही, याहून सोपं काही नाही. धान्य आणि डाळी भाजणीत एकत्र असतातच. साबुदाणा खिचडी उपवासापुरती ठेवा. ती जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, तिचा आधार फक्त दाण्याचा कूट.

मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर नाश्ता बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. बाकीच्यांनी आठवडाभर फक्त भूक कधी लागते ते पाहावं. दुपारच्या जेवणाआधीच कासावीस होत असेल तर पोहे वाढवू नका, मूग वाढवा किंवा एक उकडलेलं अंडं जोडा.