पावसात युरिया किती खोल जाईल? वहीवर मांडायचा हिशेब

आर्द्रा नक्षत्रात बऱ्यापैकी पाऊस झाला की आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडे खताच्या दुकानापुढे रांग लागते. नत्र (नायट्रोजन) वाहून जायचे दिवसही हेच. जमिनीत युरियाचा दोन-तीन आठवड्यांत नायट्रेट होतो. नायट्रेटवर ऋण भार, मातीच्या कणांवरही ऋणच, त्यामुळे माती त्याला धरत नाही. पाणी खाली उतरलं की तोही उतरतो.

आधी जमीन ओळखा. मेअखेर वावरात दोन फूट खड्डा घ्या. तेवढा कोरडा थर भरायला भारी काळ्या जमिनीत ढोबळमानाने 100 ते 120 मिमी पाणी लागतं, मुरमाड जमिनीत 40 ते 50. ही झाली जमिनीची तूट.

पाऊस स्वतः मोजा. महावेध या हवामान केंद्रांच्या जाळ्यावर महसूल मंडळाचा आकडा मिळतो, पण आपल्याकडे एका शिवारात नाला वाहतो आणि पलीकडे धूळ उडते. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी पट्टी बुडवली तरी काम भागतं. पावसातून पीक आणि ऊन मिळून पितात ते वजा करा: पीक लहान असताना रोज 3 मिमी, वाढल्यावर 4-5. उतारावरून वाहून गेलेलंही अंदाजाने वगळा.

समजा, जुलैत 240 मिमी पडला. रोजचे 4 धरून 124 गेले, उरले 116. काळ्या जमिनीत जूनअखेर 80 मिमीची तूट होती, म्हणजे खाली गेले फक्त 36. ही माती भरल्यावर 40 टक्के पाणी धरते, म्हणून 36 भागिले 0.4, नायट्रेट 9 सेंमी सरकला. मुरमाड रान जूनमध्येच भरलेलं, धारण 20 टक्के: 116 भागिले 0.2, म्हणजे 58 सेंमी. केळीची बहुतेक मुळं त्याच्या वरच राहिली!

महिन्याचा हिशेब फसवतो, आठवड्याचा मांडा. एका रात्रीत 90 मिमी कोसळून पुढे पंधरा दिवस खंड पडला, तर महिन्याच्या बेरजेत ते दिसतच नाही.

काळ्या जमिनीतल्या भेगांचं मात्र या सूत्रात बसत नाही. पहिल्या जोरदार पावसात भेगेच्या कडेचा युरिया थेट तळाला जातो. एका साली मी कापसाला घाईने टाकला, दोन दिवसांनी भेगेत हातभर काडी घातली तर खाली चिखल आणि वर ढेकळं कोरडी. तेव्हापासून भेगा मिटून वाफसा (माती ओली, पण चिखल नाही अशी) आल्याशिवाय गोणी फोडत नाही. 45 किलोच्या गोणीत जेमतेम 20.7 किलो नत्र, तोही हप्त्यांत विभागतो. मृगबागेला, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीला, ठिबकमधून थोडा थोडा देणं सगळ्यात सोपं.

अंदाज खरा ठरला का, ते विहीर सांगते. पावसाळ्याआधी आणि नंतर पाणी प्रयोगशाळेत तपासा. लिटरला 45 मिलिग्रॅमवर नायट्रेट असेल तर ते पाणी तान्ह्या बाळाला देऊ नका. उकळून तो जात नाही. केळीला मात्र तसं पाणी चालतं: 45 मिलिग्रॅमच्या एक लाख लिटरमध्ये साधारण एक किलो नत्र असतो, तेवढा खतातून कमी करा.