एका वस्तूतील खनिजांचा जमाखर्च कसा मांडावा

‘ही वस्तू नव्वद टक्के पुनर्चक्रणयोग्य आहे’ असे विधान नेहमी आढळते. मात्र तो आकडा बहुधा वजनाचा असतो आणि तोही शक्यतेचा. खाणीतून आलेले कोणते द्रव्य चक्रात टिकते आणि कोणते नेमके कोठे गळते, हे त्यावरून समजत नाही. ते समजून घ्यायचे असेल, तर प्रत्येक धातूचे स्वतंत्र खाते उघडावे लागते. येथे उदाहरणादाखल स्थायी चुंबक असलेली विद्युत मोटर घेतली आहे.

प्रथम मोजणीचे एकक ठरवावे. जीवनचक्र मूल्यमापनाची, म्हणजे कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतचे पर्यावरणीय परिणाम मोजण्याची, आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही आंतरराष्ट्रीय मानके वस्तूऐवजी तिच्या कार्याला एकक मानतात. त्यानुसार ‘एक मोटर’ असे न लिहिता ‘अमुक इतकी यांत्रिक शक्ती वीस वर्षे पुरवणे’ असे लिहावे. मग दहा वर्षांत निकामी होणाऱ्या मोटरीच्या खात्यावर आपोआप दोन मोटरींचे खनिज पडते आणि टिकाऊपणाचा हिशेब वेगळा करावा लागत नाही.

त्यानंतर घटकांची यादी करावी आणि ती मिश्रधातूपर्यंत न्यावी. मोटरीचा गाभा सिलिकॉनयुक्त पोलादाच्या पातळ पत्र्यांचा असतो, वाइंडिंग (तारेचे वेटोळे) तांब्याचे, कवच पुष्कळदा ओतीव ॲल्युमिनियमचे, तर चुंबक निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा असतो. या चुंबकाच्या वजनात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचा (निओडिमियम ज्यात मोडतो त्या धातूंच्या गटाचा) वाटा सुमारे ३० टक्के असतो. संपूर्ण मोटरीच्या वजनात तो नगण्य दिसतो, म्हणूनच टक्केवारीच्या तक्त्यातून तो सहज निसटतो.

आता प्रत्येक धातूच्या मागे खाणीपर्यंत जावे. धातुकात (ज्यातून धातू काढतात त्या खडकात) ०.६ टक्के तांबे असेल आणि शुद्धीकरणापर्यंत त्यातील ९० टक्के हाती लागत असेल, तर एक टन तांब्यासाठी सुमारे १८५ टन धातुक काढावे लागते. वरची माती आणि निरुपयोगी खडक वेगळेच. एक टन ॲल्युमिनियमसाठी साधारण चार ते पाच टन बॉक्साइटपासून दोन टन ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) तयार करावे लागते आणि मग विद्युत अपघटनात मोठ्या प्रमाणावर वीज खर्च होते. भंगारापासून तोच धातू मिळवल्यास ऊर्जेची जवळपास ९५ टक्के बचत होते. कोबाल्टसारखे धातू बहुतांशी तांबे किंवा निकेल यांच्या जोडीने निघतात. अशा वेळी खाणीचा भार वजनाच्या प्रमाणात वाटला की किमतीच्या, हे स्पष्ट नोंदवावे, कारण केवळ त्या निवडीने उत्तर बदलू शकते.

खरी कसोटी वस्तूच्या अखेरीस लागते. संकलन, सुटे करणे आणि धातुशोधन या टप्प्यांच्या कार्यक्षमतांचा गुणाकार करावा, सरासरी काढू नये. निम्मे भंगार गोळा झाले, त्यातील ८० टक्के योग्य प्रवाहात गेले आणि भट्टीत ९५ टक्के धातू हाती आला, तर शेवटी ३८ टक्केच परततो. यात भट्टी सुधारून फारसे काही साधत नाही. दुखणे संकलनात आहे.

मोटर तशीच श्रेडरमध्ये (भंगाराचे तुकडे करणाऱ्या यंत्रात) गेली, तर चुंबकाचे तुकडे लोखंडाला चिकटून पोलादाच्या भट्टीत जातात आणि त्यातील दुर्मीळ मृदा स्लॅगमध्ये (भट्टीतील मळीत) नाहीशी होते. वाइंडिंगचे तांबेही त्याच भंगारात मिसळते. वितळलेल्या पोलादातून ते काढून टाकणे व्यवहारात जमत नाही आणि त्याचे प्रमाण वाढले की गरम लाटताना पृष्ठभागाला तडे जातात. याउलट, तांब्याच्या प्रगलन भट्टीत (वितळवून धातू वेगळा करणाऱ्या भट्टीत) गेलेल्या सर्किट बोर्डांतील सोने, चांदी आणि पॅलेडियम तांब्यासोबत येतात, परंतु टँटलम स्लॅगमध्ये जाते. हे भवितव्य भट्टीतील रसायनशास्त्र ठरवते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ मध्ये ६० धातूंचा आढावा घेतला, तेव्हा ३४ धातूंचे अखेरचे पुनर्चक्रण १ टक्क्याहूनही कमी आढळले होते. म्हणून प्रत्येक धातूपुढे ‘कोणत्या भट्टीत जातो’ असा एक रकाना ठेवावा. चुंबक गोंदाने बसवला आहे की स्क्रूने, ही बाब क्षुल्लक वाटली तरी तिचीही नोंद करावी, कारण श्रेडरपूर्वी तो परवडेल इतक्या वेळात निघतो की नाही, हे पुष्कळ अंशी तेथेच ठरते.

वस्तूत वापरलेल्या पुनर्चक्रित धातूचे प्रमाण आणि अखेरीस परत मिळणारे प्रमाण, हे दोन आकडे एकत्र करू नयेत. मागणी वाढत असेल, तर काही दशकांपूर्वी वापरात गेलेले तांबे संपूर्ण परत आले तरी आजची गरज भागत नाही, म्हणजे दुसरा आकडा शंभर टक्के असूनही पहिला कमीच राहतो. एकाच किलो भंगाराचे श्रेय आरंभी आणि अखेरीस असे दोनदा घेणे ही या हिशेबातील सर्वाधिक आढळणारी लबाडी आहे, मग ती अजाणतेपणी का झालेली असेना.

सर्व खाती भरल्यानंतरच पर्यायांची तुलना करावी: बेअरिंग बदलणे, वाइंडिंग नव्याने करणे, की मोटर भंगारात देणे. येथे वापराच्या तासांची नोंद अनिवार्य आहे. अखंड चालणारी, कमी कार्यक्षमतेची जुनी मोटर दुरुस्त करत राहिल्यास खनिज वाचते, पण विजेचा भार त्याहून कितीतरी अधिक ठरू शकतो. क्वचित चालणाऱ्या मोटरीबाबत मात्र दुरुस्तीच सरस ठरण्याची शक्यता मोठी असते.