सर्व्हरवर ओएस टाकताय? रेडच्या या चुका टाळा

दादरमधल्या एका सीएच्या ऑफिसात मी दोन डिस्कचा मिरर, म्हणजे एकीवर लिहिलेलं जसंच्या तसं दुसरीवरही जाणारा रेड (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत), लावून लिनक्सचा सर्व्हर उभा केला होता. सगळ्यांच्या टॅलीचा डेटा त्यावर. काम झालं, चहा झाला, बिल दिलं, निघालो. पावणेदोन वर्षांनी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे टॅक्स ऑडिटची ३० तारीख डोक्यावर असताना, फोन आला: "अहो, सर्व्हर चालूच होत नाहीये." एक डिस्क उडाली होती. दुसरीवर डेटा जसाच्या तसा होता, पण बूटलोडर (ओएस सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) मी फक्त पहिल्या डिस्कवर टाकला होता आणि नेमकी तीच गेली होती. मिरर शाबूत, सर्व्हर ठप्प. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून दुसऱ्या डिस्कवर ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर, टाकायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात माझ्या पाठीमागे सात आर्टिकल्स (सीएच्या हाताखालचे शिकाऊ) हाताची घडी घालून उभे होते.

तेव्हापासून ओएस टाकून झाली म्हणजे काम झालं असं मी म्हणत नाही. डेटा चढवण्याआधी एक डिस्क स्वतःच्या हातानं खेचून काढतो आणि सर्व्हर उठतो का ते बघतो. ती चाचणी कशी करायची ते शेवटी सांगतो. आधी तिथपर्यंत पोहोचण्यात जे अडथळे येतात ते बघू, कारण निम्मे लोक इन्स्टॉलच्या पहिल्याच स्क्रीनवर अडकतात.

डिस्क दिसतच नाही

"दादा, ड्राइव्ह दिसत नाहीत, केबल सैल असेल का?" हा फोन मला सगळ्यात जास्त येतो. केबल क्वचितच सैल असते. रेड कार्ड लावलेल्या सर्व्हरमध्ये ओएसला खऱ्या डिस्क दिसतच नाहीत. कार्ड त्या डिस्क एकत्र करून जी एक बनावट डिस्क पुढे करतं, तेवढीच दिसते. ती बनवलीच नसेल तर इन्स्टॉलरला काय दिसणार? म्हणून ड्रायव्हर शोधत बसण्याआधी कार्डाच्या स्वतःच्या स्क्रीनवर जा. डेलमध्ये सुरू होताना एफ२ दाबून, एचपीईमध्ये एफ९ दाबून तिथे पोहोचता येतं. जुन्या डेलच्या पर्क कार्डांना कंट्रोल आणि आर. तिथे व्हर्च्युअल डिस्क, म्हणजे ती बनावट डिस्क, तयार आहे का, तिची अवस्था 'ऑप्टिमल' आहे का, एवढं बघा.

ती आहे, तरी विंडोज सर्व्हरच्या सेटअपमध्ये यादी रिकामी, तर मग ड्रायव्हर. इथली नेहमीची चूक म्हणजे उत्पादकाच्या साइटवरून उतरवलेली ईएक्सई फाइल तशीच पेनड्राइव्हवर टाकणं. 'लोड ड्रायव्हर' दाबल्यावर सेटअपला आयएनएफ, एसवायएस आणि सीएटी अशा सुट्या फाइली लागतात. ईएक्सई आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उलगडा आणि ज्या आवृत्तीचा विंडोज टाकताय त्याच आवृत्तीचं फोल्डर द्या. एकेकाळी यासाठी एफ६ दाबून फ्लॉपी घालावी लागायची. तो काळ पाहिलेल्यांना आजचा त्रास त्रास वाटत नाही, पण नव्या पोरांचा अर्धा रविवार यात जातो खरा.

तिसरी शक्यता लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड सर्व्हर आणणाऱ्यांसाठी. मशीन दणकट, किंमत परवडणारी, कार्ड मात्र दहा-पंधरा वर्षं जुनं. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या ८व्या आवृत्तीत, म्हणजे २०१९ पासून, बऱ्याच जुन्या कार्डांचा आधार काढून टाकला आहे. डेलचं पर्क ६/आय त्यातलंच. रॉकी लिनक्स त्याच कोडवरून बनतो, त्यामुळे तिथेही तेच; त्याच घराण्यातल्या अल्मानं मात्र नंतर बऱ्याच जुन्या कार्डांचा आधार परत आणला आहे. कार्ड ठणठणीत, डिस्क ठणठणीत, इन्स्टॉलर आंधळा. ईएलरेपो या प्रकल्पाची ड्रायव्हर डिस्क इन्स्टॉलच्या वेळी जोडता येते, किंवा सरळ डेबियन वा उबंटू टाकायचा, तिथे असं कार्ड सहसा ओळखलं जातं. माझं मत विचाराल तर, ज्या कार्डाला बनवणाऱ्यांनीच रामराम ठोकला आहे त्यावर ऑफिसचा डेटा ठेवू नये. सर्व्हर घ्या, कार्ड बदला.

एक मिरर केला, दोन डिस्क दिसल्या

हे दिसलं की हात थांबवा. मदरबोर्डवर 'रेड' लिहिलेला जो पर्याय असतो तो बहुतेकदा खरं कार्ड नसतो; सगळं काम सर्व्हरचा प्रोसेसर ड्रायव्हरच्या मदतीनं करतो. डेलचं एस१४० आणि एचपीईचं एस१००आय या जातीचे. विंडोजला ड्रायव्हर दिला की एक डिस्क दिसते. व्हीएमवेअर ईएसएक्सआयला (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल सर्व्हर चालवणारी ओएस) हा प्रकार मान्य नाही. लिनक्सला इंटेलचा प्रकार समजतो, बाकीच्यांचा भरवसा नाही. मग माणूस दोन सुट्या डिस्कांपैकी एकीवर ओएस टाकतो, बायोस मात्र अजून 'मिरर' म्हणत राहतो, आणि पुढे कधीतरी बायोसनं शिळ्या डिस्कवरून ताजी डिस्क 'दुरुस्त' केली की सगळं गेलं. लिनक्स टाकायचा असेल तर बायोसमध्ये रेड बंद करून एएचसीआय (डिस्क सुट्या दाखवणारी साधी पद्धत) ठेवा आणि मिरर लिनक्सच्या स्वतःच्या एमडीएडीएम या साधनानं करा. त्यात कमीपणा काही नाही. उलट बोर्ड जळाला तरी त्या डिस्क दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनला लावून वाचता येतात.

१२ टीबीतले २ टीबीच मिळाले

४ टीबीच्या चार डिस्क, रेड ५ (एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे एक डिस्क गेली तर डेटा परत उभा करणाऱ्या माहितीला), म्हणजे हाताशी १२ टीबी. विंडोजच्या सेटअपमध्ये मात्र २०४८ जीबीचा एक तुकडा आणि बाकीच्या जागेवर पार्टिशन करता येत नाही. कारण सोपं आहे: पेनड्राइव्ह लेगसी बायोस पद्धतीनं सुरू झाला, त्यामुळे डिस्कवर पार्टिशनांची नोंद ठेवणारा जुना एमबीआर तक्ता बसला. त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा असतो आणि सेक्टर ५१२ बाइटचा. गुणाकार २ टीबीपाशी संपतो. पुढे जायचं तर जीपीटी हा नवा तक्ता हवा आणि विंडोजला जीपीटीवरून उठायचं तर यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पद्धत, हवी. बूट मेन्यूत तोच पेनड्राइव्ह अनेकदा दोनदा दिसतो, त्यातला यूईएफआय लिहिलेला निवडा. चारशे रुपयांच्या पेनड्राइव्हच्या चुकीच्या ओळीवर एंटर दाबल्यामुळे संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलेली मी पाहिली आहे. केली आहे, असंच म्हणा.

आणि मुळात १२ टीबीचा एकच ठोकळा ओएसला देऊच नका. बहुतेक कार्डांवर त्याच चार डिस्कांमधून दोन व्हर्च्युअल डिस्क काढता येतात: १५०-२०० जीबीची ओएससाठी, उरलेली डेटासाठी. विंडोज सर्व्हरला मायक्रोसॉफ्ट किमान ३२ जीबी सांगतं, पण अपडेट साचत जातात, तिथे कंजुषी नको. फायदा पुढे कळतो. ओएस बिघडली की छोटी डिस्क बिनधास्त फॉर्मॅट मारायची, मोठीला हात लावायचा नाही.

बूटची जागा मिररबाहेर राहते

दादरला जे माझं झालं ते जुन्या बायोसचं दुखणं होतं: एमडीएडीएमचा मिरर असताना ग्रब दोन्ही डिस्कवर वेगळा टाकावा लागतो. यूईएफआय आल्यावर दुखणं गेलं नाही, जागा बदलली. ईएफआय पार्टिशन (यूईएफआयमध्ये बूटलोडर जिथे असतो ते) फर्मवेअर थेट वाचतं, त्याला फॅट ही साधी फाइल पद्धत समजते, लिनक्सचा मिरर समजत नाही. त्यामुळे पोरं बाकी सगळ्याचा मिरर करतात आणि ईएफआय पार्टिशन एकाच डिस्कवर ठेवतात.

उबंटू सर्व्हरच्या इन्स्टॉलरमध्ये दुसरी डिस्क निवडून 'अ‍ॅड अ‍ॅज अनदर बूट डिव्हाइस' म्हणता येतं, मग दोन्हीकडे ईएफआय पार्टिशन बनतं. हे मिररचे पार्टिशन पाडण्याआधी करायचं. नंतर आठवलं तर सगळं पुसून परत. दुसरा मार्ग ईएफआय पार्टिशनचाच मिरर करण्याचा, पण मेटाडेटा (मिररची स्वतःची नोंद) १.० ठेवून, तो पार्टिशनच्या शेवटी बसतो, त्यामुळे फर्मवेअरला समोर साधं फॅटच दिसतं. चालतं, पण फर्मवेअरनं स्वतःहून एका बाजूला काही लिहिलं तर दोन बाजू वेगळ्या होतात. मला पहिला मार्ग बरा वाटतो. खरं कार्ड असेल तर हा सगळा परिच्छेद विसरा. तिथे बूटची जागाही कार्डच सांभाळतं.

जुन्या डिस्कांची भुतं

रेडची माहिती डिस्कवरच लिहिलेली असते, काही पद्धतींत अगदी शेवटच्या सेक्टरांत. पार्टिशन उडवून ती जात नाही. दुसरीकडून आणलेली डिस्क लावली की कार्ड 'फॉरेन कॉन्फिगरेशन' म्हणतं, किंवा लिनक्सचा इन्स्टॉलर एमडी१२७ नावाचा, कुणाच्या तरी जुन्या डिस्कांचा अर्धा मेलेला अ‍ॅरे उभा करून डिस्क अडवून ठेवतो. वापरलेली डिस्क नव्या सर्व्हरला लावण्याआधी वेगळ्या मशीनवर वाइपएफएस या लिनक्सच्या कमांडनं पुसून घ्या.

उलट बाजू जास्त गंभीर. चालू सर्व्हरचं कार्ड बदललं आणि तुमच्याच डिस्क 'फॉरेन' दिसल्या, तर तिथे 'इम्पोर्ट' हवं, 'क्लिअर' नाही. आणि 'इनिशियलाइझ' हा शब्द दिसायला निरुपद्रवी आहे, पण डेटा असलेल्या अ‍ॅरेवर तो दाबला तर डेटाला तिलांजली. इंग्रजी शब्द नीट न वाचता 'यस' दाबण्याची सवय मोबाइलवर ठीक.

डेटाच्या डिस्क वेगळ्या असतील तर ओएस टाकताना त्या बेमधून दोन बोटं बाहेर ओढून ठेवा. त्याआधी सर्व्हर बंद करा आणि मार्करनं प्रत्येकीवर बेचा नंबर लिहा. एसडीए, एसडीबी या नावांवर विश्वास ठेवू नका. पेनड्राइव्ह लावला की क्रम बदलू शकतो. सीरियल नंबर बघा.

इन्स्टॉल १७ टक्क्यांवर अडकलंय

अडकलेलं नसतं, रांगत असतं. एक तर नवा रेड ५ मागे इनिशियलाइझ होत असतो, किंवा कार्डाची बॅटरी मेलेली असते. बॅटरी मेली की कार्ड कॅशमध्ये (स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत) लिहिणं सोडून प्रत्येक गोष्ट थेट डिस्कवर लिहितं, आणि रेड ५मध्ये प्रत्येक छोट्या लिखाणामागे पॅरिटीचं वाचन-लेखन येतं. मग कुणीतरी कार्डात शिरून 'फोर्स राइट बॅक' (बॅटरी नसली तरी कॅशमध्येच लिही) करतो, वेग चौपट होतो, सगळे खूश. आपल्या मुंबईत वीज सहसा जात नाही, म्हणून हे खपून जातं. १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी ग्रिड बसलं आणि मुंबई-ठाण्याची वीज एकदम गेली, लोकलसुद्धा थांबल्या, तसं झालं की कॅशमध्ये राहिलेलं लिखाण हवेत जातं. यूपीएस आहे म्हणू नका, यूपीएसची बॅटरी शेवटची कधी बदलली ते आधी सांगा. कार्डाची नवी बॅटरी घ्या, ती येईपर्यंत संथपणा सोसा.

कुठला रेड घ्यावा यावर वाद घालायला मला वेळ नाही. दोन डिस्क असतील तर मिरर. चार मोठ्या असतील तर रेड १० (मिररच्या जोड्या) किंवा ६ (दोन डिस्कएवढी पॅरिटी). दोन्हींत निम्मी जागा जाते, पण मोठ्या डिस्कच्या रिबिल्डमध्ये (बदललेल्या डिस्कवर डेटा परत भरताना) दुसरी डिस्क उडाली की रेड ५ हात वर करतो. एकाच दिवशी एकाच खोक्यातून आलेल्या डिस्क मागेपुढे मरायलाही एकाच सुमाराला लागतात.

आता ती चाचणी

ओएस टाकली, अपडेट झाले, डेटा अजून नाही. अ‍ॅरेचं पहिलं इनिशियलायझेशन किंवा सिंक पूर्ण होऊ द्या. त्याआधी डिस्क काढली तर दोष चाचणीचा, सर्व्हरचा नाही. मग सर्व्हर बंद करा, पहिली डिस्क काढा, चालू करा. लॉगिनपर्यंत आला पाहिजे. ती डिस्क परत लावून रिबिल्ड संपू द्या, मग दुसरीवर तेच. कार्ड असेल तर रिबिल्ड बहुधा आपोआप सुरू होतो. कधी परत लावलेली डिस्क 'फॉरेन' दिसते, तेव्हा फक्त त्याच डिस्कचं फॉरेन पुसायचं. एमडीएडीएममध्ये डिस्क हातानं परत जोडावी लागते.

४ टीबीच्या डिस्कला सेकंदाला १५० एमबीचा वेग मिळाला तरी रिबिल्डला साडेसात तास लागतात. दोन फेऱ्या म्हणजे अख्खा शनिवार आणि मेगाब्लॉकचा रविवार. गिऱ्हाइकाला हे आधी सांगा आणि बिलात धरा, नाहीतर रविवारी दुपारीच 'झालं का?' सुरू होतं.

डिस्क बाहेर असताना आणखी एक गोष्ट तपासून घ्या: ईमेल येतो का. अ‍ॅरे एका पायावर उभा आहे हे कुणालातरी कळलं पाहिजे. अंधेरीच्या एका गाळ्यात कार्डाचा बझर तीन आठवडे वाजत होता. तिथल्या लोकांना वाटलं यूपीएस ओरडतोय, म्हणून त्यांनी सर्व्हरच्या खोलीचं दार लावून घेतलं.